कापड भिंतीवर, कामगार वाऱ्यावर

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, चितळसरला लागून. दुसरे डोंबिवलीत, औद्योगिक वसाहतीच्या कडेला. पहिल्या मानपाड्यापासून थोड्या अंतरावर एके काळी लोकरीचे कापड विणले जात होते. तेथे आज निवासी मनोरे उभे आहेत. दुसऱ्या मानपाड्याच्या शेजारी कापड रंगवण्याचे आणि रंग बनवण्याचे कारखाने चालत आले आहेत, आणि त्या रंगांचा हिशेब नाल्यांना व माणसांच्या फुप्फुसांना चुकवावा लागला आहे. या दोन्ही ठिकाणांहून लोकलने तासाभराच्या वाटेवर, मुंबईच्या काळा घोडा आणि कुलाबा परिसरातील दालनांत, कापड ही आता उच्च कला झाली आहे. सूत, ताग, लोकर, वाख, तार, जुन्या साड्यांच्या चिंध्या यांपासून घडवलेल्या कृती भिंतींवर टांगल्या जातात, छतापासून लोंबतात आणि लाखांच्या किमतीला विकल्या जातात. या कलेला तंतुकला म्हणण्याचा प्रघात पडू लागला आहे.

या कलेचे वैर करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे आणि तो अर्थशास्त्राचा आहे. ज्या प्रदेशात कापडाने लाखो माणसांना मजुरी दिली, त्याच प्रदेशात मजुरी संपल्यानंतरच कापडाला प्रतिष्ठा का मिळावी? आणि ती मिळाल्यावर तिचे मोल कोणाच्या पदरात पडते?

गिरणीची जमीन आणि कापडाची आठवण

पोखरण रस्त्यावरील लोकर गिरणी १९२५ मध्ये सुरू झाली. १९४४ मध्ये ती सिंघानियांच्या हाती आली, रेमंड या नावाने देशभर गाजली आणि २००९ मध्ये ठाण्यातील उत्पादन थांबले. त्यानंतर या कंपनीने तेथेच घरबांधणीचा व्यवसाय उभारला. यात बेकायदेशीर असे काही घडले नाही, आणि नेमकी तीच गोष्ट चिंतेची आहे. उत्पादन बंद करणे हे उत्पादन चालू ठेवण्यापेक्षा अधिक किफायतशीर ठरावे अशी व्यवस्था कायद्यानेच निर्माण केली आहे. अर्थशास्त्रात नफा आणि खंड यांत फरक केला जातो. नफ्यासाठी निदान काही तरी निर्माण करावे लागते. खंड मात्र केवळ मालकीच्या बळावर, बसल्या जागी मिळतो. ठाण्यात कापडाची गिरणी नफ्यावर चालत होती. तिची जमीन खंडावर चालते.

मुंबईचा इतिहास याहून कडू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर एक संपूर्ण कामगार वस्ती विरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोकळ्या होणाऱ्या गिरणी जमिनीचे तीन वाटे करण्याचे ठरवले: एक सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. तो कपाटातच राहिला. २००१ मध्ये नियमात अशी दुरुस्ती झाली की इमारती उभ्या असलेली जमीन वाटणीतून वगळली गेली आणि केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीचेच तीन वाटे उरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले.

याच घरातील दुसरे नाव येथे घेतले पाहिजे. चार्ल्स कोरियांच्या पत्नी मोनिका कोरिया या भारतातील तंतुकलेच्या आद्य कलावंतांपैकी एक. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, परंतु साठच्या दशकात त्या हातमागाकडे वळल्या. मागावरील फणी उभे धागे सारख्या अंतरावर, शिस्तीत धरून ठेवते. विणता विणता ती फणीच त्यांनी काढून टाकली आणि उभ्या धाग्यांना हवे तसे वळू दिले. त्यांची विणकामे आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत. ती सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु एकाच शहरात, एकाच घरातील दोन कामांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. कापडाच्या कलेला जगाने डोक्यावर घेतले. कापड कामगाराच्या जमिनीच्या आराखड्याला शासनाने केराची टोपली दाखवली. भांडवलाला कापडाची आठवण चालते, कापडाचा हक्कदार चालत नाही.

सरकारी पगारावरचे कलावंत

आजची तंतुकला दालनांच्या कृपेने जन्मली असा समज पसरवला जातो. तो खोटा आहे. तिचा पाया सार्वजनिक पैशाने घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांत समाजवादी अग्रभागी होते. कमलादेवी चट्टोपाध्याय १९३६ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या मेरठ अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या. त्याच कमलादेवींनी १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा पुढे अनेक वर्षे वाहिली. मुंबईच्या नेली सेठना यांच्यासारख्या विणकर-कलावंतांनी त्यांच्याबरोबर काम केले. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने पन्नाशीच्या दशकात विणकर सेवा केंद्रे निघाली. तेथे चित्रकारांना सरकारी पगारावर नेमून विणकरांच्या शेजारी बसवण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन यांनी मुंबईत हातमाग मंडळाच्या संकल्पन विभागात काम केले. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये वाराणसीच्या केंद्रात रुजू झाले आणि त्या मुक्कामाने त्यांच्या चित्रकलेची दिशाच बदलली. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी बडोद्यात सुब्रमण्यन यांच्याच हाताखाली शिकल्या. वाखाचे दोर रंगवून, त्यांना हजारो गाठी मारून त्यांनी माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या केल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांच्या निधनाला चार वर्षे झाली होती.

सारांश, ज्या झाडाची फळे आज बाजार खात आहे ते झाड सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावर वाढले. आणि ती विहीर आता बुजवली जात आहे. २७ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केले. आठवड्याभरात, ३ ऑगस्टला, हस्तकला मंडळही बरखास्त झाले. देश टाळेबंदीच्या फटक्यातून सावरत होता, विणकराच्या घरी तयार माल पडून होता, बाजार मंदावले होते. नेमकी तीच वेळ साधून कमलादेवींचे मंडळ एका अधिसूचनेने पुसले गेले. शासन आटोपशीर करायचे आहे, हे कारण सांगण्यात आले. ही मंडळे आळसावली होती असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे वादासाठी मान्य केले तरी आळसावलेल्या संस्थेला जागे करतात. तिला मूठमाती देत नाहीत.

याआधीचा एक प्रसंग विसरता येणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात बरव्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. उद्‌घाटनाच्या भाषणात अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल संस्कृती मंत्रालयावर टीका सुरू केली, तेव्हा त्यांना भर सभेत थांबवण्यात आले. त्या गदारोळात भाषणस्वातंत्र्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र मूळ मुद्दा मागे पडला. स्थानिक कलावंताला आपल्या शहरातील सार्वजनिक दालनाच्या कारभारात जागा असावी की नसावी, हा तो मुद्दा. मुंबईच्या कलावंताची ही गत, तर मानपाड्यातल्या कलावंताला कोण विचारतो?

वीस यार्ड कापडाची किंमत

मार्क्सने १८६७ मध्ये 'भांडवल' ग्रंथाच्या आरंभीच मूल्याचा विचार समजावण्यासाठी वीस यार्ड लिननचे कापड आणि एक कोट यांचे उदाहरण घेतले. दोन वस्तूंची तुलना होऊ शकते ती दोहोंत माणसाचे श्रम असतात म्हणून. आजच्या दालनात हे समीकरण डोक्यावर उभे राहिले आहे. भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगार कापडाच्या वारांवर मोजला जातो. ठाणे जिल्ह्याच्या वस्त्यांतून घरबसल्या धागे कापणारी, टिकल्या आणि मणी टाकणारी स्त्री नगावर मोजली जाते. भिंतीवरील कृती मात्र सहीवर मोजली जाते. तेच सूत, तीच सुई, पुष्कळदा तेच हात. पण सही पडली की किंमत शंभरपट होते. हा फरक श्रमाने निर्माण झालेला नाही. तो नावाच्या मक्तेदारीचा खंड आहे. पोखरण रस्त्याची जमीन आणि दालनातील सही या दोन्ही एकाच जातीच्या मिळकती आहेत: पुरवठा मर्यादित, मालकी एकाची आणि मोल इतरांनी घडवलेले.

कलावंताच्या कल्पनेला काहीच मोल नाही असा याचा अर्थ नव्हे. मनीष नाई यांच्यासारखा मुंबईचा कलावंत तागाचे कापड आणि वापरून टाकलेले कपडे दाबून त्यांतून शिल्प घडवतो, तेव्हा त्यामागे दृष्टी असते, साधना असते. परंतु कल्पनेच्या मोबदल्याला कायद्याने संरक्षण दिले आहे आणि हाताच्या मोबदल्याला दिलेले नाही, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर मूळ कर्त्याला त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. त्याच कायद्याचे कलम १५ काय सांगते पाहा. नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या नमुन्याचे कापड यंत्राने पन्नासहून अधिक वेळा निघाले की त्या नमुन्यावरचा कॉपीराइट संपतो. भिंतीवरील धाग्याला कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण. अंगावरील धाग्याला पन्नास प्रतींपुरते. पैठणीला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा गाजावाजा झाला. मानांकनाने नावाची नक्कल रोखता येते. मागावर बसलेल्याची मजुरी त्याने ठरत नाही.

आणि ती मजुरी किती? २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत, त्यांतील सुमारे ७२ टक्के स्त्रिया. त्यांच्या कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या खाली होते. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराची व्याख्या आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणली गेली. परंतु व्याख्येने चूल पेटत नाही.

३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियापुढे एका फ्रेंच वस्त्रप्रावरण कंपनीने आपल्या पोशाखांचा सोहळा केला. मागे भरतकामाचे भव्य तोरण उभारले होते, ते मुंबईच्या कारागिरांनी भरलेले. त्या सोहळ्याने कारागिरांचा गौरव झाला असे सांगितले गेले. गौरव जरूर झाला. पण कारागिराला गौरवापेक्षा वाटा अधिक उपयोगी पडतो.

स्पर्श आणि अस्पर्श

तंतुकलेच्या प्रदर्शन-पत्रिकांत एक शब्द हमखास आढळतो: स्पर्श. कापडात मानवी स्पर्शाची ऊब असते, असे त्या सांगतात. महाराष्ट्रात कापडाच्या स्पर्शाचा इतिहास इतका गोड नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई, म्हणून साळखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. आणि साळखाते हेच चांगल्या मजुरीचे खाते होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. त्यापूर्वी ज्यांनी या कामगारांना पहिली संघटना दिली ते नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात जन्मले होते. महात्मा फुल्यांचे हे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा उभारली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्या भूमीत कापडाचा इतिहास असा जातीच्या आणि वर्गाच्या गाठींनी विणलेला आहे, तेथील तंतुकला केवळ ऊब आणि सौंदर्य सांगून थांबली तर ती अर्धेच कापड विणते.

रंगाचीही हीच कथा. दालनात नीळ, हळद, मंजिष्ठा यांच्या नैसर्गिक रंगांची वाहवा होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झाला होता. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये तेथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. स्वस्त रंगाची खरी किंमत कारखान्याच्या जमाखर्चात दिसत नाही. ती मानपाडा रस्त्यावरच्या रहिवाशाच्या दवाखान्याच्या बिलात दिसते. ठाण्यात राहून क्ष-किरणतज्ज्ञाचा व्यवसाय करणाऱ्या सुधीर पटवर्धनांनी आपल्या चित्रांतून कामगार, स्थानके, वस्त्या आणि बदलते लोअर परळ पाहण्याची दृष्टी दिली. तंतू हाताळणाऱ्या स्थानिक कलावंतांना तर याहून जवळचा विषय दाराशी आहे. त्यांचे साहित्य हाच त्यांचा विषय आहे.

कार्यकर्त्यांचा आक्षेप

यावर चळवळीतील अनेक कार्यकर्ते म्हणतील की पाणी, रेशन, घरभाडे, रोजगार हे प्रश्न सोडून भिंतीवरच्या चिंध्यांची चर्चा कशाला? कला ही पोट भरलेल्यांची चैन आहे. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण चुकीचा आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणे, पोवाडा, लोकनाट्य यांना चळवळीत मानाचे स्थान दिले. त्या वेळी कोणी त्यांना चैन म्हटले नाही. विल्यम मॉरिससारखा समाजवादी स्वतः मागावर बसत असे. आपले सुंदर कापड केवळ श्रीमंतांनाच परवडते हा सल त्याला आयुष्यभर होता, आणि त्या सलातूनच तो रस्त्यावरच्या सभांपर्यंत पोचला. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे पती आणि मुले नाहीशी झाली त्या स्त्रियांनी गोणपाटावर चिंध्या शिवून आपली कहाणी मांडली. ती कापडे देशाबाहेर गेली आणि हुकूमशाहीविरुद्ध साक्ष ठरली. त्यांतून घरात दोन पैसेही आले. चिंधी ही अशी शस्त्र होऊ शकते.

महाराष्ट्राला तर हे शिकायला चिलीला जाण्याची गरज नाही. जुनेराचे थर लावून, कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत येणारी गोधडी घरोघरी होती. सनगरांच्या खड्डामागावरची घोंगडी होती. त्यांना कोणी कला म्हटले नाही, कारण त्यांच्या कर्त्यांकडे सही नव्हती आणि पुष्कळदा अक्षरओळखही नव्हती. आज गोधडी दालनात शिरली आहे. गोधडी शिवणारी बाहेरच उभी आहे. तिला आत नेणे हे समाजवाद्यांचे काम नसेल तर कोणाचे?

म्हणून मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. दालनातील आणि सार्वजनिक संग्रहातील प्रत्येक तंतुकृतीखाली कलावंताबरोबरच विणणाऱ्या, शिवणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांची नावे असली पाहिजेत. हे काम नगावर नव्हे, तासावर मोजले जावे आणि त्यास किमान वेतन लागू व्हावे. कलम ५३-अ मध्ये तंतुकृतींचा उल्लेख स्पष्टपणे यावा आणि पुनर्विक्रीच्या वाट्यात कारागिरांचा हिस्सा धरला जावा. बरखास्त केलेल्या मंडळांच्या जागी विणकरांचे आणि कारागिरांचे निवडलेले प्रतिनिधी असलेली मंडळे यावीत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरील वस्त्रोद्योग संग्रहालय वर्षानुवर्षे रेंगाळत आले. ते कारंजी आणि रोषणाई यांत न बुडवता तेथे चालते माग आणि गिरणी कामगारांच्या साक्षी असाव्यात.

यांतील पुष्कळसे दिल्लीच्या हाती आहे. पण सारेच नाही. कापूरबावडीचे ठाणे कलाभवन मानपाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. दोन्ही वास्तू महापालिकांच्या, म्हणजे करदात्यांच्या आहेत. वर्षातून काही आठवडे या वास्तूंतील जागा स्थानिक तंतुकलावंत आणि घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया यांना एकत्र, नाममात्र भाड्याने द्या. तेथे चार माग मांडा. सांडपाणी गाळण्याची सोय असलेली रंगशाळा उभारा. आणि शाळा, रुग्णालये, प्रभाग कार्यालये यांच्या भिंतींसाठी महापालिकेने या कृती विकत घ्याव्यात, अशी मागणी प्रत्येक प्रभागात करता येईल. सुशोभीकरणावर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा भाग यास पुरेल.

कापड बनवणाऱ्याने कापडावरचा हक्क गमावला, त्याची जमीन गेली, त्याचे मंडळ गेले. त्याची कलाही आता त्याच्या नावावाचून विकली जाणार असेल, तर ती विक्री प्रश्न न विचारता होऊ देणे हा कार्यकर्त्यांचा दोष ठरेल. दोन्ही मानपाड्यांतील शाखांनी येत्या महापालिका अर्थसंकल्पापूर्वी ही मागणी लेखी द्यावी, आणि निवेदनावरील पहिल्या सह्या सुई धरणाऱ्या हातांच्या असाव्यात.